आपल्या ठेवी कोठे जातात?



सावकाराच्या कागदावर अंगठा उठल्यानंतर माणूस वकिलाकडे येतो. "आधी बँकेत का गेला नाहीस?" असे मी विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : "साहेब, आम्हांला तेथे कोण उभे करणार?" या उत्तराचा विचार करण्यासाठी आज मी तुम्हांला अमेरिकेतील शिकागो शहरात नेणार आहे.

१९३०नंतरच्या दशकात तेथील सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या. लाल म्हणजे कर्ज देण्यास धोक्याची जागा! १९३४ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज-हमीच्या सरकारी खात्यानेही अशा वस्त्यांना हमी नाकारली. कर्ज नाही म्हणून घर पडके, आणि घर पडके म्हणून कर्ज नाही. दारिद्र्य हे आळसाचे फळ होय, असे म्हणणाऱ्यांनी हे नकाशे अवश्य पाहावेत.

त्याच शहरातील साउथ शोअर भागात १९६०नंतर कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास आली, तशी गोरी कुटुंबे निघून गेली. त्यांच्यामागोमाग तेथील बँकही निघाली. परंतु शासनाने तिला स्थलांतराची परवानगी नाकारली. १९७३ साली मिल्टन डेव्हिस व जेम्स फ्लेचर हे कृष्णवर्णीय, आणि रोनाल्ड ग्रिझविन्स्की व मेरी हॉटन हे गोरे, अशा चौघांच्या पुढाकाराने ती बँक विकत घेण्यात आली. बाहेरील हितचिंतकांच्या ठेवी त्यांनी त्या वस्तीत आणल्या आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी तेथल्याच लोकांना कर्जे दिली. पुढे ती 'शोअरबँक' म्हणून प्रसिद्ध झाली. ज्या भागातून बँक ठेवी घेते त्या भागाची कर्जाची गरजही तिने भागवावी, असा कायदा अमेरिकेत १९७७ साली झाला. आणि अशा लोकविकास-बँकांसाठी सरकारी निधी १९९४ साली उभा राहिला.

परंतु कथेचा शेवटही ऐका. २००८च्या मंदीत कर्जदारांचे रोजगार गेले, हप्ते थकले, आणि ऑगस्ट २०१०मध्ये शासनाने ही बँक बंद केली. गरिबांच्या वस्तीवर संकट आले की तिच्या बँकेवरही ते येते. म्हणून सद्हेतूच्या जोडीला गंगाजळी भक्कम हवी आणि हिशेब चोख हवा.

कायदा हक्क देतो. परंतु त्या हक्काने घर उभारावयाचे तर पत लागते. तेव्हा ठेव ठेवण्यापूर्वी विचारा : ही बँक आमच्या वस्तीत कर्ज देते काय? पतपेढीचे सभासद असाल तर वार्षिक सभेस जा, ताळेबंद वाचा, शंका विचारा, आणि आपला हप्ता वेळेवर भरा. ठेव आपली आहे. तिचा हिशेब मागण्यात संकोच कसला?