दोन दारं आणि एक माणूस

(बारामती-इंदापूर भागातल्या महिला मंडळांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला इथं बोलावलं ते दारूबंदीवर बोलायला. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान तुमच्यापैकी अनेकींनी केलंय. गुत्त्यावर मोर्चे नेलेत, पोलीस ठाण्यात ठिय्या दिलाय. मीही त्यात होते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आज मी गुत्ता बंद झाल्यानंतरची गोष्ट सांगणार आहे. ती माझ्याच घरातली आहे.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. थोरला भाऊ साखर कारखान्यात हंगामी कामाला. तिशीच्या आतच तो रात्री-अपरात्री उठून बसायला लागला. उसात माणसं दबा धरून बसलीत, आपल्याविषयी बोलतायत, असं म्हणायचा. पुढं तो प्यायला लागला. गावानं सरळ हिशेब केला, दारूनं डोकं फिरलं. आम्हीही तोच केला. फार वर्षांनी तो मला म्हणाला, “अगं, घेतली की आवाज जरा दबायचे.” म्हणजे आवाज आधी होते, दारू नंतर आली. आणि मग दारूनंच ते आवाज वाढवले.

वहिनीनं काय करायचं ठेवलं? देवऋषी झाला, अंगारा झाला, गळ्यात माळ घालून झाली. एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथं म्हणाले, “ह्याला भास होतात, असा पेशंट आम्ही ठेवत नाही. आणि त्या डोक्याच्या गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे दुसरं व्यसनच.” मग मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं. तिथं म्हणाले, “आधी दारू सुटू द्या, मग आणा.” दोन दारं, आणि मधे माझी वहिनी. कडेवर पोर, हातात कागदांची पिशवी, एसटीचं भाडं दर वेळी उसनं.

शेवटी तिला कुणीतरी गोळी आणून दिली. नकळत आमटीत घाला, दारू सुटेल. तुमच्यापैकीही काहीजणींनी असं केलं असेल, मी दोष देत नाही. पण ऐकून ठेवा. ही गोळी पोटात असताना माणूस प्याला, तर छाती धडधडते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ज्याला भास होतात त्याचे भास ह्या गोळीनं वाढू शकतात. ती माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. माझा भाऊ वाचला. पण “मीच मारलं असतं त्यांना,” हे वाक्य वहिनीच्या मनातून अजून गेलेलं नाही.

दुसरी चूक आम्ही केली, ती कोंडून ठेवण्याची. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, की फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, साप-किडे दिसतात, माणूस कुणाला ओळखत नाही. ते भूत नसतं, वेड लागलेलंही नसतं. शरीर दारूवाचून बिथरलेलं असतं. अशा वेळी दवाखाना लागतो, औषध लागतं, बी-एक जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. खोलीला कडी लावून हे बरं होत नाही.

मग उपाय काय? दोन्ही आजारांवर एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून उपचार. दारूनं आलेली उदासी कधी कधी दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरते, हे खरं. म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवून ठरवावं लागतं. पण लक्ष ठेवायलाही आधी दारात घ्यावं लागतं! अमेरिकेतही हीच दोन दारं होती. १९८० नंतर तिथल्या काही डॉक्टरांनी दोन्हींचा उपचार एकाच ठिकाणी करायला सुरुवात केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारखी संघटनाही आपल्या सभासदांना सांगते, की दुसऱ्याच्या औषधांबाबत कुणी डॉक्टर बनू नये.

आणि अमेरिका कशाला, आपल्याच जिल्ह्यात बघा. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. अनिताताई १९९७ साली गेल्या, पण व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार द्यावा लागतो, ही समज त्यांनी रुजवली. पुढं तिथं व्यसनी बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघाला. त्याची गरज आपल्याला चांगली कळते. पिणारा पुरुष आजारी म्हणून निदान कुठंतरी नेला जातो. पिणारी बाई मात्र बदनाम होते आणि घरात दडवली जाते.

माझ्या भावाला पुढं पुण्यात एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी भासांची गोळी आणि दारूचा उपचार बरोबरच सुरू केला. मग वहिनीकडं वळून विचारलं, “तुम्हाला झोप लागते का?” अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती रडायलाच लागली. तिला उदासीचा आजार होता आणि दिवसातून सहा-सात वेळा मिशरी लागत होती. म्हणजे दोन आजार एकत्र तिच्याही वाट्याला होतेच. आपण मिशरीला व्यसन म्हणत नाही एवढंच.

एक प्रश्न मला छळतो. उलट झालं असतं तर? नवरा आजारी म्हणून वहिनी अकरा वर्षं पिशवी घेऊन फिरली. तिला आवाज आले असते तर तिला माहेरी आणून सोडली असती. विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. त्याची भीती बाईला जास्त, म्हणून ती आजार लपवते.

आणि एक स्पष्ट सांगते. आजार म्हणजे मारहाणीचा परवाना नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आजारी नवऱ्याच्या बायकोलाही संरक्षण देतो. उपचार त्याचा हक्क, सुरक्षितता तिचा. एकासाठी दुसरा सोडू नका.

२०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीत दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळं होणारे मनोविकारही धरलेत. रुग्णाला साखळदंडानं बांधायला त्यानं मनाई केलीय. तेव्हा आपण भीक मागत नाही, कायदा सांगतोय ते मागतोय.

बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. बारामतीला, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आपलं शिष्टमंडळ तिथं जाईल आणि विचारेल, की एकाच केसपेपरवर दोन्ही आजार लिहिले जातात का? नसतील तर कधीपासून लिहिणार? सोबत आलेल्या बाईची चौकशी कोण करतं? मोर्चा काढून गुत्ता बंद करता येतो, तर निवेदन देऊन एक दारही उघडता येईल. तोवर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा फुकट नंबर लिहून घ्या. त्यावर मराठीत बोलता येतं.

भाऊ आता कसा आहे, असं तुम्ही विचाराल. गेल्या हंगामात तो कामावर गेला. दिवाळीत एकदा घसरला. वहिनीनं दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडं नेलं आणि ह्या वेळी तिला कुणी परत पाठवलं नाही. कागदांची पिशवी अजून तिच्या घरी खुंटीला आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी पिशवी असेल, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. लाजू नका. मी थांबले आहे.