पाणचक्कीपासून सातबाऱ्यापर्यंत : आपल्या शेतीच्या नोंदी आपण वाचतो का?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आज तुमच्याशी जुन्या कागदांबद्दल बोलायचं आहे. शेती, पाणी आणि ऊर्जा हे विषय भविष्याचे आणि दप्तरखाना भूतकाळाचा, असं आपण समजतो. पण शेतात सौरपंप बसवायचा असेल तरी आधी सातबारा काढावा लागतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सातबारा हातात घ्या आणि त्यावरचे शब्द वाचा : खरीप, रब्बी, जिरायत, बागायत. शेताची मशागत, तहसील, महसूल, रयत हेही शब्द त्याच घरातले. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द आज गावातला प्रत्येक शेतकरी, कोणत्याही जातीधर्माचा असो, आपले म्हणून वापरतो. आपण या मातीत उपरे आहोत का, असं तुम्हाला कोणी विचारलं तर भांडत बसू नका. सातबारा वाचून दाखवा.

हे शब्द रुळले कसे, ते जुन्या दप्तरांतून कळतं. मुघलांच्या दख्खन सुभ्यांची हजारो फारसी कागदपत्रं आज हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले रुमाल आहेत. १६५० च्या दशकात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खान हा त्याचा दिवाण होता. दुष्काळ आणि लढायांनी उजाड झालेली गावं पुन्हा वसवण्यासाठी त्याने जमिनीची मोजणी करवली आणि शेतकऱ्यांना बैल-बियाण्यासाठी तगाई दिली. साऱ्याचा हिशोब पाण्यावर ठेवला. नुसत्या पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, तर विहिरीचं पाणी देऊन काढलेल्या धान्याचा एक तृतीयांश. विहीर खणणं आणि मोट चालवणं यात शेतकऱ्याचा घाम आणि पैसा जातो, ही समज त्या दरामागे होती.

पण या इतिहासाचा नुसता गौरव करू नका. निम्मं पीक सरकारात भरणं म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. दप्तर हे वसुली करणाऱ्याने लिहिलेलं असतं. त्यात सारा सापडतो, पाटील-कुलकर्णी सापडतात. खुरपणाऱ्या बाईचं नाव क्वचितच सापडतं. कागद वाचताना तो कोणी आणि कशासाठी लिहिला, हे विचारायला शिका.

आता ऊर्जेकडे येऊ. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. शहराच्या उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, मातीच्या नळांमधून पाणी येतं, दाबाने भिंतीत वर चढतं आणि उंचावरून खाली पडतं. त्या धारेने आडवं चाक फिरतं आणि त्याच्याबरोबर जातं. अठराव्या शतकात या जात्यावर फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जाई. ना लाकूड जाळायचं, ना बैल जुंपायचा. त्याआधी शंभरेक वर्षं, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला हबशी मलिक अंबर याने इथे खडकी वसवली. जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याच्याच नावाने ओळखली जाते. तीही फक्त उताराच्या जोरावर वाहायची.

आज त्याच शहराला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीतून, वीज खर्चून, चढावर पाणी आणावं लागतं. तेही नळाला अनेक दिवसांच्या अंतराने येतं. एवढ्या मोठ्या शहराची तहान नुसत्या नहरींवर भागणार नाही, हे खरं. पण होतं तेही आपण हातचं घालवलं. जमिनीखालची नहर नकाशावर आणि लोकांच्या ध्यानात नसेल, तर पाया खणणाऱ्याला ती दिसत नाही. नोंद गेली की पाणीही जातं.

हीच गोष्ट आज तुमच्या घरात घडते आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने साधारण दहा टक्के रक्कम भरायची असते. अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. पण सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद लागते आणि जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचं ना हरकत पत्र लागतं. आता सांगा, किती जणांच्या सातबाऱ्यावर अजून दादाजानचंच नाव आहे? वीस वर्षांपूर्वी खोदलेल्या विहिरीची नोंद किती जणांनी केली? दिवसा पाणी देता येईल असा पंप हवा असेल, तर आधी तलाठी कार्यालयात जावं लागेल.

वारसनोंद करताना बहिणींची नावंही लावा. मुलीचा वाटा कुरआनात स्पष्ट सांगितलेला आहे. तरीही आपल्याकडे आपाकडून, फुफूकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि वर तिच्या मोठ्या मनाचं कौतुक होतं. जुन्या दप्तरात बाईचं नाव नाही, ही तक्रार आपण आत्ताच केली. मग आजच्या कागदातून तिला काढणारे आपण कोण?

शेवटी तीन कामं सांगतो. एक, तुमच्यातल्या काहींनी मोडी शिका. राज्याचा पुराभिलेख विभाग प्रशिक्षण वर्ग घेतो. ज्यांना उर्दू लिपी येते त्यांना फारसीची अर्धी वाट मोकळीच आहे. दोन, घरातली जुनी पेटी रद्दीत घालण्याआधी उघडा. सनद, इनामाचा कागद, पावती, जे निघेल त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. तीन, ई-पीक पाहणीत आपलं पीक स्वतः नोंदवा. सोबत गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांना आणि शेतकरी बायांना विचारून एक वही लिहा : पूर्वी कोणतं बियाणं होतं, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं, जमीन पडीक कधी ठेवत.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. सगळे मिळून वाचू. ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांनी गावाचा नकाशा आणावा. त्यावरचे ओढे आणि विहिरी शोधू.