फुलाचा रंग कोणासाठी?



आपल्या पेण-रोह्याकडे पाऊस सुरू झाला की घराच्या मागे मांडव उभा राहतो. कुठे भोपळा, कुठे दुधी, कुठे शिराळी. वेल फुलांनी भरतो. पण पुष्कळदा फुलामागचा इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. मग आपण म्हणतो, कुणाची तरी नजर लागली! आम्ही सांगतो, खरं कारण निराळं आहे. ते नीट ऐका.

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात, नर आणि मादी. मादी फुलाच्या मागे लहानसे फळ असते. नर फुलातली पिवळी पूड, म्हणजे पराग, मादी फुलात पडली तरच ते फळ धरते. ही पूड जड आणि चिकट असते. वाऱ्याने ती उडत नाही. ती मधमाशी नेते. माशीला बोलवायला वेल रंग दाखवतो.

माशीला रंग कळतो का? कळतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली हे सिद्ध केले. पुष्कळ करड्या कागदांत त्यांनी एक निळा कागद ठेवला आणि त्यावर साखरेचे पाणी ठेवले. माश्या येऊ लागल्या. मग साखर काढून घेतली, कागदाची जागा बदलली. तरी माश्या निळ्यावरच आल्या! लाल कागद मात्र त्यांना काळ्यातून निवडता येईना. पुढे १९७३ साली फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

माशीला पिवळा, निळा रंग चांगला दिसतो. शिवाय जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा रंगही दिसतो. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सगळी पिवळी दिसते. माशीला तिचा आतला भाग गडद दिसतो. मध कुठं आहे, ते सांगणारी ती पाटीच!

मग होळीच्या सुमारास डोंगरावर पांगारा, काटेसावर लालभडक का फुलतात? पाखरांसाठी. मैना, बुलबुल, शिंजीर यांना लाल रंग लांबून दिसतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. ते पांढरे असते, म्हणून रात्री उडणाऱ्या पतंगांना अंधारातही दिसते.

आता कामाची गोष्ट. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. त्या वेळात औषध फवारले, तर किडीबरोबर माशीही मरते. मग फळ कोण धरवणार? फवारायचेच असेल तर फुले मिटल्यावर फवारा. दुधी-शिराळ्यावर मात्र संध्याकाळी फवारू नका, कारण त्यांची फुले तेव्हाच उघडतात. मधासाठी पोळे जाळू नका. माशीच फिरकत नसेल, तर सकाळी भोपळ्याचे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला दांडा मादी फुलात अलगद टेकवा.

उद्या सकाळी मांडवाखाली उभे राहून बघा. किती फुलांवर माशी आली, किती फळे धरली, ते आपल्या हाताने वहीत लिहा. पुढच्या वर्गात आपण ते वाचू.