परिपाठाची रांग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, डोंबिवली येथील मनोगत)



परिपाठाला एक डोळा किलकिला करून कोण हसतंय, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्याच रांगेत कल्याणहून लोकलने येणारा आपला एक मित्र हात न जोडता शांत उभा राहायचा. बाईंनी त्याला कधी टोकलं नाही. हा बाईंचा मोठेपणा, असंच आपण समजत आलो. मोठेपणा होताच, पण त्याचा तो हक्कही होता.

राज्यघटनेचं २८वं कलम बघा. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देताच येत नाही. आपल्यासारख्या अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे आधी संमती, मग उपासना. तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांनी अशी सही केली होती? माझ्या तरी नाही.

नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडली. अशी सक्ती करता येणार नाही, असं २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. तो नोकरदार माणूस, कोर्टात गेला. पाचवीतलं पोर कुठे जाणार?

आपली बॅच परिपाठासाठी नवे स्पीकर देते आहे. ते जरूर द्यावेत. सोबत प्रवेश अर्जात या संमतीची एक ओळ यावी, एवढी विनंती. मुख्याध्यापक सर समोरच बसलेत, म्हणून आजच मागतो.