अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि आपली छाती



कविता म्हण म्हणाल, तर आज कविता नाही. आज धुळीवर बोलायचंय.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे आपल्या झोपडीवरचा सिमेंटचा पत्रा. जुन्या जहाजाच्या इंजिनघरात पाइपांना गुंडाळलेलं अस्तर. दगडातून निघणारा हा धागा आगीत जळत नाही, म्हणून मालकाला प्यारा. तोडला की केसाहून बारीक तंतू उडतात, फुप्फुसात रुततात आणि तिथंच राहतात. पुढं दम, कॅन्सर. पण लगेच नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी. तोवर मुकादम मेलेला, ठेकेदाराची पाटी बदललेली, आपलं नाव कुठल्याच हजेरीबुकात नाही. घरी धुळीचे कपडे धुणारी बायकोही यातून सुटत नाही. ह्या खुनाचा पंचनामा कोण करणार?

आता दोन जहाजांचं ऐका.

क्लेमांसो हे फ्रान्सच्या नौदलाचं विमानवाहू जहाज. ३१ डिसेंबर २००५ ला ते तुलाँ बंदरातून गुजरातच्या अलंगला तुटायला निघालं. फ्रान्सनं आपल्या देशात १९९७ सालीच अ‍ॅस्बेस्टॉस बंद केलेला. म्हणजे गोऱ्या कामगाराला जे विष, ते ओरिसा-बिहारच्या पोरांनी हातानं सोलायचं! पण तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांच्या संघटना कोर्टात गेल्या. इकडं सुप्रीम कोर्टात प्रकरण उभं राहिलं. १५ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्राध्यक्ष शिराकना जहाज माघारी बोलवावं लागलं. पुढं ते इंग्लंडात तोडलं गेलं.

दुसरं ब्लू लेडी. जन्माचं नाव फ्रान्स, मग नॉर्वे, मग हे. त्याच्याही पोटात अ‍ॅस्बेस्टॉस. २००६ ला अलंगला आलं, २००७ ला सुप्रीम कोर्टानं तोडायला परवानगी दिली. आपण नाव बदललं तरी जात चिकटून राहते. जहाजानं नाव बदललं की मालकाची जबाबदारी सुटते!

आंतरराष्ट्रीय करार आहेत की. रॉटरडॅम करारात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव घाला, ही मागणी २००६ पासून अडलीय, २०२५ लाही अडली. ती बंदीचीसुद्धा मागणी नाही. माल धाडण्याआधी घेणाऱ्या देशाला धोका सांगा आणि त्याची संमती घ्या, एवढंच. पण तिथं सगळ्यांचा होकार लागतो, आणि रशिया-कझाकस्तानसारखे खाणवाले देश नाही म्हणतात. धंद्याची एकी पक्की आहे. आपली कुठाय?

म्हणून शिकलेल्या पोरांनो, कामाला लागा. जहाजतोडणीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झालाय. जहाजातल्या घातक मालाची यादी त्यानं सक्तीची केलीय. ती यादी मागा, कामगारांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षं ठेवावी, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलंय. तीच नोंद तोडणीवाल्या ठेका कामगारालाही मिळालीच पाहिजे. आणि जहाज जिथून सुटतं तिथल्या गोदी कामगारांना पत्रं लिहा. जहाज तिकडच्या धक्क्यावर असतानाच अडवता येतं. एकदा इथल्या चिखलात रुतलं की मग आपली छाती आणि ती धूळ.

क्लेमांसो परत गेलं, ते दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं एकाच वेळी उठली म्हणून. हे पुन्हा करता येतं.

जयभीम!