प्रौढांचे संरक्षण : चौकशी कशी होते?



घरातच छळ होणाऱ्या वृद्ध वा अपंग माणसाने दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेत त्यासाठी प्रत्येक राज्यात प्रौढ संरक्षण सेवा आहे. १९७४ च्या कायद्याने तिला केंद्राच्या निधीची वाट मोकळी झाली.

मारहाण, उपासमार, औषधावाचून ठेवणे, पैसे लाटणे, अशी खबर शेजारी, डॉक्टर, कोणीही देऊ शकतो. आधी धोका किती तातडीचा हे पाहतात. जिवावरचा धोका असल्यास २४ तासांत, एरवी ७ दिवसांत दखल घ्यावी, असे २०२४ च्या केंद्रीय नियमांनी ठरवले. अंमलासाठी राज्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली.

मग कार्यकर्ता घरी जातो. त्या व्यक्तीशी एकांतात बोलतो, कारण छळणारा पुष्कळदा घरचाच असतो. अंगावरचे वळ, स्वयंपाकघर, बँकेचा हिशेब पाहतो. गुन्हा दिसल्यास पोलिसांना कळवतो.

परंतु मदत लादता येत नाही. समज शाबूत असलेली व्यक्ती "नको" म्हणाली, तर तिचा शब्द मानावा लागतो. समज उरली नसेल, तर न्यायालयाकडे जावे लागते. म्हातारपण आले म्हणून माणसाचा स्वतःवरचा हक्क संपत नाही.

आपल्याकडे २००७ च्या कायद्यानुसार, ज्येष्ठाने अधिकार दिल्यास नोंदणीकृत संस्थाही त्याच्या निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. म्हणून मित्रहो, वस्तीत असे कोणी दिसले, तर आधी जवळ बसून त्याला काय हवे ते विचारा. अर्ज नंतर लिहा.