मुंबईस गेल्यावर उतरावे कोठे?

(पेडगाव येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. मुंबईत लॉज कोणते घ्यावे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु मंडळाकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्या माणसांचे आम्ही ऐकतो, तेव्हा निम्म्या वेळा प्रश्न हाच असतो. पेडगावचा माणूस मुंबईस समुद्र पाहण्यास जात नाही. तो दवाखान्यासाठी जातो, मंत्रालयातील कामासाठी जातो, मुलाच्या मुलाखतीसाठी जातो, नाही तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. पहिल्या कारणासाठी जातो तेव्हा खिशातला पैसा सोयाबीनचा असतो किंवा उसनवारीचा. तो पैसा औषधावर संपला तर निदान उपचार तरी झाले म्हणता येते. खोलीच्या भाड्यावर आणि टॅक्सीवर संपला, तर उपचार अर्धवट सोडून माणूस गावी परत येतो. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

परगावी उतरण्याची जागा मिळणे ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. १९१७ साली बाबासाहेब परदेशातील शिक्षणानंतर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू होण्यास गेले. हिंदू हॉटेलात त्यांना कोण घेणार? पारशी सराईत, दिवसाला दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास त्याने फर्मावले. त्या दिवशी या विद्वानाने कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दर परवडण्याइतके पैसे त्यांच्या खिशात होते. सगळ्या शहरात वस्ती मात्र एकही नव्हती.

त्यांनीच पुढे ज्या घटनेचा मसुदा केला तिच्या कलम १५(२) मध्ये हॉटेल हा शब्द आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द स्वतंत्रपणे घातलेले आहेत. आडनाव किंवा गाव पाहून कोणी खोली नाकारली, तर ती केवळ त्याची मर्जी नाही, गुन्हा आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. वहीत आपले खरे नाव मोठ्या अक्षरात लिहावे. प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र मात्र जवळ असावे. ते नसल्यास लॉजवाला जागा देत नाही आणि तेथे त्याचे बरोबर असते.

आता मूळ मुद्दा. आपली माणसे खोली शोधताना आधी दर विचारतात, मग ती कोठे आहे ते विचारतात. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. काम कोठे आहे ते आधी कागदावर लिहावे, मग वस्ती ठरवावी, आणि दर त्या वस्तीत पाहावा.

टाटा रुग्णालयाचेच घ्या. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय परळला आहे. केईएम आणि वाडिया हीही तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. समजा कुर्ल्याला ८०० रुपयांची खोली मिळते आणि परळला १,३०० ची. माणूस म्हणतो, पाचशे वाचले. परंतु केमोथेरपी घेतलेला रुग्ण सकाळच्या लोकल गाडीत चढू शकत नाही. मुंबईच्या टॅक्सीचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले, म्हणजे दहा किलोमीटरला दोनशेच्या वर. जाणे-येणे धरले की चारशे रुपये गेले. उरले शंभर, आणि त्यासाठी रुग्णाने रोज दोन तास रस्त्यात काढायचे. आणखी एक गोष्ट गावाकडच्या माणसास ठाऊक नसते. परभणीला हात केला की ऑटो थांबतो, तसे दादर-परळला होत नाही. शीव आणि माहीमच्या पुढे दक्षिणेकडे ऑटोरिक्षास परवानगीच नाही. तेथे बस आहे, टॅक्सी आहे, नाही तर आपले पाय. बेस्ट बसचे किमान तिकीटही मे २०२५ पासून पाचाचे दहा रुपये झाले.

मोबाइलवरच्या नकाशावर फार विसंबू नये. नकाशात प्रभादेवीची खोली टाटाच्या अगदी शेजारी दिसते, पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. या दोन बाजूंस जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी वाहतुकीस बंद झाला. त्यामुळे टॅक्सीने वळसा पडतो, आणि पादचारी पुलाचे जिने आजारी माणसाकडून चढवत नाहीत. म्हणून रुग्ण असेल तर परळची पूर्व बाजू किंवा दादर पूर्व पाहावी.

टाटाचे नाव एक असले तरी ठिकाणे दोन आहेत. दुसरे केंद्र खाडीपलीकडे नवी मुंबईत खारघरला आहे, आणि पुष्कळ रुग्णांना पुढच्या उपचारासाठी तिकडे पाठवितात. चिठ्ठीवर खारघर लिहिले असताना दादरला महिन्याची खोली घेणे म्हणजे परभणीच्या बाजारासाठी जिंतूरला मुक्काम करणे. तसेच मुलाखतीचे. लोकसेवा आयोगाचे कार्यालय बेलापूरला आहे. मागच्या पिढीच्या सवयीने ‘व्ही.टी.’ला उतरणारा उमेदवार मुलाखतीच्या दिवशी तासाभराचा प्रवास अंगावर घेऊन दारात पोहोचतो.

दीर्घ उपचार असतील तर लॉजचा विचार सोडूनच द्यावा, असे आम्ही स्पष्ट सांगू. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. बांद्र्याला टाटा रुग्णालयाचेच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृतिगृह आहे. लहान मुलाला कर्करोग असेल तर सेंट ज्यूड्स ही २००६ साली सुरू झालेली संस्था आईबापांसह मुलास विनामूल्य ठेवून घेते. यांपैकी बहुतेक ठिकाणी थेट दारात जाऊन उभे राहिल्याने जागा मिळत नाही. रुग्णालयाची फाईल लागते, आणि रुग्णालयातील समाजसेवा विभागामार्फत गेलेले बरे. म्हणून पहिल्या दिवशी नोंदणी झाली की दुसरे काम समाजसेवा विभागात जाऊन बसण्याचे. तेथे रांग असते आणि धर्मशाळेतही खाट रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. त्या मधल्या चार-आठ दिवसांपुरतेच लॉज घ्यावे. ही सोय माहीत नसल्याने किंवा जागा न मिळाल्याने रुग्णालयाबाहेर जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे मुंबईने वर्षानुवर्षे पाहिली आहेत.

गाडगेबाबांचे नाव आले म्हणून सांगतो. मंदिर बांधण्याऐवजी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो, पण सोबतच्या माणसाच्या खोलीचे भाडे तीत बसत नाही. तो हिशेब आपणच निघण्यापूर्वी करावा. रेल्वेच्या तिकिटात मात्र सवलत आहे. कर्करोगाच्या रुग्णास उपचाराच्या प्रवासात स्लीपरला पूर्ण माफी आणि सोबत्यास ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. वाचलेला हा पैसा खोलीकडे वळवता येतो.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांचे उतरण्याचे ठिकाण म्हणजे नातेवाईक. वरळी-नायगावची बी.डी.डी. चाळ, घाटकोपर, चेंबूर. कोणाची आत्या, कोणाचा मामा. मराठवाड्यातल्या कित्येकांना या घरांनी आसरा दिला, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असे. त्यात पाच माणसे राहत, सहावा आणि सातवा आपण. पाव्हण्याची खोली फुकट असते हे खरे नाही. तिचे भाडे त्या घरची बाई भरते. पहाटे चारला नळावर उभी राहून भरते, कामावर जाण्याआधी चार भाकरी जास्त थापून भरते, आणि तिची पोरे परीक्षेच्या दिवसांत जिन्यात बसून अभ्यास करतात. दोन दिवसांचे काम असेल तर खुशाल जावे, गावाकडची डाळ-ज्वारी घेऊन जावे. महिनाभराच्या उपचारासाठी मात्र जाऊ नये. ‘आम्ही असताना लॉजवर कशाला?’ असे ते म्हणतीलच. त्यांच्या म्हणण्याचा मान राखून एक वेळ जेवायला जावे आणि मुक्कामास आपल्या जागेवर यावे.

लॉज घेताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा, आणि तोच आपली माणसे विचारीत नाहीत. दिवस चोवीस तासांचा धरता की दुपारी बाराला बदलता? आपण देवगिरीने जातो. गाडी सकाळी पोहोचते. बाराला दिवस बदलणाऱ्या लॉजमध्ये सकाळी आठला खोली घेतली, तर कोठे दुपारीच दुसरा दिवस लागतो, कोठे लवकर आल्याचे वेगळे पैसे घेतात. चोवीस तासांच्या लॉजचा दर शंभराने जास्त असला तरी तेच स्वस्त पडते. कराचेही विचारून घ्यावे. हजार रुपयांच्या आतल्या खोलीस पूर्वी कर नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीस ५ टक्के आहे. पाटीवरचा दर करासह की कराविना, हे पैसे देण्याआधी ठरावे. खोली डोळ्यांनी पाहून घ्यावी. कितवा मजला, लिफ्ट चालते का, पाणी किती वाजता येते, संडास खोलीत की बाहेर. रुग्णासाठी पेज शिजवू देतात का, हेही विचारावे. रोजचे बाहेरचे जेवण खोलीपेक्षा महाग पडते आणि सोसतही नाही.

स्टेशनाबाहेर ‘लॉज पाहिजे का’ म्हणत पिशवीस हात घालणारा माणूस दलाल असतो. त्याचे कमिशन आपल्याच दरात चढते. दुसरा दलाल आता मोबाइलमध्ये आहे. धर्मशाळेच्या किंवा हॉटेलच्या नावाने कोणी फोनवर आगाऊ पैसे मागितले, तर नंबर खरा असल्याची खात्री झाल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

मंत्रालयाच्या कामाचे थोडक्यात. तेथे सर्वसामान्य माणसास प्रवेश दुपारी दोननंतर. आजूबाजूची हॉटेले आपल्या ऐपतीबाहेरची. आमदार निवासावर पत्र घेऊन जाण्याची जुनी वहिवाट होती, पण मनोरा पाडला गेला आणि जागा कमी झाली. आमच्या मते एका दिवसाच्या कामास खोली घेऊच नये. रात्रीच्या गाडीने जावे, स्टेशनावर अंघोळ उरकावी, पिशवीस कुलूप लावून ती क्लोक रूममध्ये ठेवावी, दुपारी काम करावे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे. मुक्काम पडलाच तर रेल्वेच्या विश्रांतिगृहातील खोली किंवा खाट पाहावी; आरक्षित तिकिटाच्या क्रमांकावर ती आधी ठरविता येते. एकट्या जाणाऱ्या मुलीस तर आम्ही हेच सुचवू, कारण अपरात्री अनोळखी वस्तीत लॉज शोधण्याचा प्रसंग येत नाही. मुंबई सेंट्रलला २०२१ साली रेल्वेने कप्प्यांचे हॉटेल काढले, त्याचा सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये होता. आपल्यास तो परवडणारा नाही, आणि त्या कप्प्यात आपले धोतरवाले आजोबा कसे शिरणार, हाही प्रश्नच आहे.

६ डिसेंबरसाठी लॉज शोधू नये. शिवाजी पार्कवर मंडप असतो, महानगरपालिका पाण्याची व निवाऱ्याची व्यवस्था करते, आणि अवघा समाज सोबत असतो. ज्यांना त्याच दिवसांत दवाखान्याची तारीख मिळाली असेल त्यांनी मात्र दादरचा भरवसा धरू नये, त्या आठवड्यात तेथे खोली मिळणे कठीण. शक्य असल्यास तारीख पुढे घ्यावी. न जमल्यास परळ किंवा शीवकडे आधीच सोय लावून मग निघावे.

मुंबईस जाऊन आलेल्यांनी आपण कोठे उतरलो, काय दर पडला, दिवस कसा धरला, हे मंडळाच्या वहीत लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. वही सभेनंतर येथेच टेबलावर ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात ज्यांना निघायचे आहे, त्यांनी जाण्यापूर्वी भेटावे. जयभीम.